पंपाचा स्टार्टर वारंवार पडतोय? क्लॅम्प मीटरने दोष कुठे आहे ते सुरक्षितपणे शोधा

ऑक्टोबर छाटणी उरकली, बागेला पाणी सुरू झालं की नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात ही तक्रार हमखास ऐकू येते. मोटार चालू होते, अर्धा-पाऊण तास नीट चालते आणि स्टार्टर पडतो. रिसेट केला की पुन्हा तेवढाच वेळ चालते आणि पुन्हा पडतो. निफाडला जा, दिंडोरीला जा, सिन्नरला जा, पहिला उपाय सगळीकडे एकच असतो: ओव्हरलोड रिलेची (जास्त करंट गेला की स्टार्टर पाडणाऱ्या भागाची) चकती स्क्रू ड्रायव्हरने दोन-तीन अँपिअर पुढे सरकवायची. मग स्टार्टर पडायचा थांबतो खरा, पण काही दिवसांनी मोटारच जळते. पाइप वर ओढा, रिवायंडिंगला द्या, तोपर्यंत डोळे फुटायच्या वेळेला बाग कोरडी. एका चकतीपायी एवढं नुकसान झालेलं पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण खरा दोष शोधायला एक क्लॅम्प मीटर आणि तासाभराचा वेळ पुरतो.

रिले पडतो म्हणजे बहुतेक वेळा तो आपलं काम नीट करतोय. मोटारीकडे जाणाऱ्या तीन वायरींपैकी निदान एकीतून जास्त करंट जातोय, एवढंच तो सांगतो. कोणत्या वायरीतून, किती आणि कशामुळे, हे त्याला सांगता येत नाही. ते आपल्याला मोजावं लागतं.

पेटीवरच्या अँपिअर मीटरवर विसंबू नका. लहान पंपाच्या पॅनेलवर एकच अँपिअर मीटर असतो आणि तो एकाच फेजचा करंट दाखवतो. बाकीच्या दोन फेजमध्ये काय चाललंय हे त्याला दिसतच नाही. ‘मीटरवर तर बरोबर अँपिअर दाखवतंय, मग पडतो कसा?’ हा प्रश्न बहुतेक वेळा इथूनच येतो.

टेस्टरचंही तसंच. निऑनचा टेस्टर तिन्ही टर्मिनलवर पेटला म्हणजे तिन्ही फेज आले, असं समजलं जातं. पण चालत्या मोटारीत एक फ्यूज उडाला तरी मोटार उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते आणि गेलेल्या फेजच्या टर्मिनलवर वाइंडिंगमधूनच उलटं व्होल्टेज येतं. टेस्टर तिथेही पेटतो. क्लॅम्प मीटर मात्र त्या वायरीवर शून्य दाखवतो. फेज गेल्याचं टेस्टरला कळत नाही आणि क्लॅम्प मीटरला लगेच कळतं, म्हणूनच हा मीटर पिशवीत हवा.

मीटर कोणता

जुने वायरमन याला टोंग टेस्टर म्हणतात. त्याचा जबडा म्हणजे एक उघडझाप करणारा लोखंडी गाभा. वायरीतून एसी करंट जात असला की तिच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र असतं, ते या गाभ्यात पकडलं जातं आणि आतल्या कॉइलमध्ये त्या प्रमाणात करंट तयार होतो. वायर कापायची नाही, सोलायची नाही, टर्मिनल ढिलं करायचं नाही. मल्टिमीटरने करंट मोजायचा तर सर्किट तोडून मीटर मध्ये घालावा लागतो, आणि चारशे व्होल्टच्या पेटीत हे कुणीही करू नये.

साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. सौर पंपाच्या पॅनेलकडून कंट्रोलरकडे येणारा करंट डीसी असतो, त्याला हॉल सेन्सर असलेला एसी-डीसी मीटर लागतो. कंट्रोलर किंवा व्हीएफडीच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पुढे मोटारीकडे जाणारा करंट शुद्ध साइन वेव्हचा नसतो, तिथे ट्रू आरएमएस लिहिलेलाच मीटर वापरा, नाहीतर आकडा चुकतो. सौरच्या डीसी बाजूचे कनेक्टर चालू लोडवर ओढू नका. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. सौर पंपाचं बाकी सगळं वेगळं आहे, ते इथे घेत नाही.

घेताना सगळ्यात आधी मीटरवरची ‘कॅट’ची, म्हणजे तो किती मोठा झटका सोसेल त्या श्रेणीची, खूण पाहा. पंपाच्या पॅनेलवर काम करायला कॅट थ्री ६०० व्होल्ट हे किमान. खांबावरून सर्व्हिस वायर येते तिथे, मीटर आणि मेन स्विचच्या जागी, कॅट फोर लागतो. कारण असं: लाइनवर वीज पडली किंवा मोठा लोड एकदम तुटला की क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो. रोहित्राच्या जितकं जवळ तितकी त्या झटक्यामागची ताकद जास्त, आणि चुकीचा मीटर हातात असेल तर तो हातातच फुटतो. हीच खूण प्रोबच्या वायरींवरही असायला हवी. मीटर चांगला घेऊन नंतर शे-दीडशेच्या लीड लावल्या तर मीटरच्या खुणेला काही अर्थ उरत नाही. अगदी स्वस्त मीटरवर खूण नुसती छापलेलीही असते. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांना माल देणाऱ्या दुकानातून, बिल घेऊन, नाव असलेला मीटर घ्यावा. या एका वस्तूत काटकसर नको.

पेटी उघडण्याआधी

हा भाग वाचायला कंटाळवाणा वाटेल, पण घाई करायची तर पुढच्या भागात करा, इथे नाही.

आधी ऑटो स्विच काढा. महावितरण वर्षानुवर्षं सांगते की कृषिपंपाचे ऑटो स्विच काढा, ते रोहित्रासाठी. लाइट आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन रोहित्रावर लोड येतो. आपल्यासाठी कारण आणखी गंभीर आहे. लाइट नाही म्हणून तुम्ही पेटीत हात घातला आणि त्याच क्षणी लाइट आली, तर ऑटो स्विच तुम्हाला न विचारताच मोटार चालू करेल.

दुसरी, अलीकडची गोष्ट म्हणजे मोबाईल स्टार्टर. घरून मिस्ड कॉल दिला की मोटार चालू. तुम्ही विहिरीवर पेटी उघडून बसलात आणि घरी भाऊ म्हणतो, ‘अजून मोटार कशी लागली नाही?’ आणि फोन लावतो. म्हणून मोबाईल स्टार्टरचा सप्लाय काढून ठेवा आणि घरी फोन करून सांगाही. दोन्ही करा.

मग मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा, स्विचला कुलूप लावता येत असेल तर लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. पेटीत कपॅसिटर असेल तर पाच मिनिटं थांबा, सप्लाय गेला तरी तो चार्ज धरून असतो.

आता सप्लाय खरंच गेलाय का ते मीटरने बघा. क्रम पक्का ठेवा: आधी मेन स्विचच्या वरच्या, म्हणजे जिवंत बाजूला मोजा, मीटर व्होल्टेज दाखवतोय याची खात्री करा. मग खालच्या बाजूला तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थशी मोजा, सगळीकडे शून्य यायला हवं. मग पुन्हा वरच्या बाजूला मोजा. मधल्या वेळात मीटरची बॅटरी बसली किंवा लीड तुटली असेल तर या शेवटच्या मोजणीत कळतं. मीटरमधली बिनस्पर्शाची, टूं-टूं वाजणारी सोय केवळ इशारा म्हणून ठीक आहे. ती वाजली नाही म्हणून सप्लाय नाही असं कधीच धरू नका.

हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन काढून ठेवा. पायात कोरडे बूट, खाली रबरी मॅट किंवा कोरडी फळी. पाणी भरताना बांधावरून आलेल्या ओल्या पायांनी पेटीसमोर उभं राहायचं नाही. पेटीची बॉडी जिवंत आहे का हे हाताच्या मागच्या बाजूने चाचपायची सवय सोडा. बॉडी आणि थोड्या अंतरावर ओल्या जमिनीत ठोकलेली सळई यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. तिथे काही व्होल्टही आले तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी अर्थिंग पाहायचं.

आणि स्पष्टच सांगतो: उघड्या पेटीत, चालू सप्लायवर प्रोब लावणं, वरची सप्लायची तपासणी आणि पुढची व्होल्टेजची मोजणी धरून, हे परवानाधारक वायरमनचं काम आहे. शेतकऱ्याने स्वतः करायचं ते इन्सुलेशन असलेल्या वायरीला जबडा लावून वाचण्यापुरतं, आणि तेही खालच्या पद्धतीने.

वायर एकच, जबडा पूर्ण बंद

सप्लाय बंद असतानाच जबडा पहिल्या वायरीभोवती लावा. वायर जबड्याच्या मध्यावर आणि जबड्याची दोन्ही टोकं एकमेकांना पूर्ण टेकलेली हवीत. मध्ये मातीचा कण किंवा गंज असेल तर आकडा कमी येतो. मीटर असा अडकवा की स्क्रीन बाहेरून दिसेल. व्होल्टेजच्या लीड मीटरमधून काढून ठेवा, नाहीतर त्या पेटीत लोंबकळत राहतात. मग हात बाहेर, पेटीचं दार जमेल तेवढं लोटा, मेन स्विच चढवा, बटण दाबा आणि हातभर अंतरावरून वाचा. दुसऱ्या फेजसाठी पुन्हा बंद, पुन्हा तपासणी, पुन्हा जबडा. वेळ लागतो. लागू दे.

नवीन पॅनेल बसवून घेत असाल तर वायरमनला सांगा की स्टार्टरला येणाऱ्या तीन वायरींचा थोडा जास्तीचा लूप सोड, जबडा सहज बसेल इतकी मोकळी जागा ठेव. अर्ध्या मीटर वायरीचा खर्च आहे, पण पुढे कायमचं सुरक्षित होतं.

एक चूक फार पाहायला मिळते. पाणबुडी मोटारीच्या तीन कोरच्या चपट्या केबलला सगळीच्या सगळी जबड्यात घेतात आणि मीटर शून्य दाखवतो म्हणून मीटर खराब ठरवतात. तिन्ही फेजच्या करंटची बेरीज कोणत्याही क्षणी शून्य असते, त्यामुळे तिन्ही कोर एकत्र धरले की शून्यच येणार. केबल पेटीत जिथे फाकलेली असते तिथे एकेक कोर धरायचा.

कपॅसिटर जोडलेला असेल तर कुठे मोजता याला महत्त्व आहे. कपॅसिटरच्या आधी मोजलंत तर लाइनमधून येणारा, थोडा कमी झालेला करंट दिसेल. मोटार प्रत्यक्षात किती घेते ते कपॅसिटरच्या जोडाच्या पुढे, मोटारीच्या बाजूला मोजलं की कळतं. मोटारीवरच्या पाटीशी तुलना याच आकड्याची करायची.

सहा वायरींची मोटार आणि ०.५८

स्टार-डेल्टा स्टार्टरवर (मोटार आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणाऱ्या) जेवढा घोळ होतो तेवढा बाकी कशात होत नसेल. साडेसात एचपीच्या पुढे बहुधा दोन केबल, सहा वायरी मोटारीकडे जातात. मोटार डेल्टामध्ये चालू असताना या सहापैकी एका वायरीतून जाणारा करंट लाइनच्या करंटच्या ०.५८ पट असतो. पाटीवर लिहिलेला आकडा मात्र लाइनचा असतो.

समजा पाटीवर १३ अँपिअर आहे. सहापैकी एका वायरीला जबडा लावला तर पूर्ण लोडवर साडेसात अँपिअर दिसतील. ते पाहून काहीजण म्हणतात, मोटार निम्म्याच लोडवर आहे, रिले खोटा पडतोय. मोटार मात्र पूर्ण लोडवर असते.

रिलेचंही तेच. बहुतेक स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटारीकडे जाणाऱ्या वायरींत असतो, लाइनमध्ये नसतो. तिथे सेटिंग १३ गुणिले ०.५८, म्हणजे साडेसात हवं. पाटीवर १३ दिसले म्हणून कुणी तो रिले १३ वर नेऊन ठेवला, तर लाइनमधून २२ अँपिअर जाईपर्यंत तो हलणार नाही. तेवढ्यात वाइंडिंग जळून जातं. ‘स्टार्टर पडला नाही तरी मोटार जळाली’ असं कुणी सांगितलं की मी आधी रिले कुठे बसवलाय आणि चकती किती वर आहे ते पाहतो.

पाटी पुसली गेली असेल तर ढोबळ अंदाज असा: ४१५ व्होल्टवर एका एचपीला दीड अँपिअर. पाणबुडी मोटार थोडं जास्त घेते. पण अंदाज तो अंदाज, रिले लावायला बिलावरचा किंवा कंपनीच्या तक्त्यातला आकडाच घ्या.

तीन आकडे काय सांगतात

मोटार सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी, पाइपलाइन भरून पाणी स्थिर पडायला लागलं की आर, वाय, बी या तीन फेजचे तीन आकडे घ्या आणि त्याच वेळी तिन्ही जोड्यांमधलं व्होल्टेजही लिहा. व्होल्टेज न लिहिता नुसते अँपिअर लिहिले तर पुढे त्याचा अर्थ लावता येत नाही.

एक आकडा शून्य आणि बाकीचे दोन नेहमीच्या पावणेदोन पटीच्या आसपास: फेज गेला. फ्यूज, काँटॅक्टरचा (स्टार्टरमधल्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचचा) जळालेला संपर्क, ढिला लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) किंवा खांबावरचा जंपर (जोडवायर). मोटार ताबडतोब बंद करा. अशा वेळी सिंगल फेज प्रिव्हेंटरने मोटार आधीच पाडायला हवी होती, ती का पाडली नाही हेही बघा. बऱ्याच पेट्यांमध्ये तो वायर मारून बायपास केलेला सापडतो.

तिन्ही आकडे सारखे, पण तिन्ही पाटीपेक्षा जास्त: व्होल्टेज पाहा. ठरलेलं काम करणाऱ्या मोटारीत व्होल्टेज जेवढ्या टक्क्यांनी उतरतं, साधारण तेवढ्या टक्क्यांनी करंट चढतो. आणि वाइंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे करंट १५ टक्के वाढला की उष्णता ३२ टक्के वाढते. सगळं शिवार एकाच वेळी मोटारी लावतं तेव्हा हे व्हायचंच. व्होल्टेज ठीक असेल तर दोष पंपात आहे: वाळूने झिजलेले बुश, इंपेलर घासणं.

आणि एक कारण शेतकऱ्यांना खरं वाटत नाही. पंपासमोरचा अडथळा कमी झाला की पंप जास्त पाणी फेकतो आणि मोटार जास्त अँपिअर घेते. कादवा नदीवरून लांबच्या, उंचावरच्या बागेसाठी घेतलेला पंप विहिरीशेजारच्या शेततळ्यात मोकळा सोडला, किंवा पाइप मध्येच फुटला, तर अँपिअर चढतात आणि स्टार्टर पडतो. ठिबक चालू असताना कधीच पडत नाही, तळं भरताना मात्र पडतो, असं असेल तर दोष हाच. व्हॉल्व्ह थोडा आवळा आणि मीटरकडे बघत राहा, करंट पाटीच्या आत आला की तिथेच ठेवा. एक पैशाचा खर्च नाही.

तिन्ही आकडे सारखे, पण नेहमीपेक्षा बरेच कमी आणि वरखाली हलणारे: पंप हवा ओढतोय, पाणी खाली गेलंय. यात ओव्हरलोड रिले पडणार नाही, पण पाणबुडी मोटार आजूबाजूच्या पाण्यानेच थंड होते, त्यामुळे कोरडी चालली तर ती गुपचूप जळते. एप्रिल छाटणीच्या दिवसांत बोअरवर हे सर्रास घडतं. ड्राय रन संरक्षण नसेल तर बसवून घ्या.

बटण दाबताच करंट पाटीच्या सहा-सात पट जाऊन तिथेच अडकला आणि काही सेकंदांत स्टार्टर पडला: पंप जाम आहे. थेट चालू होणाऱ्या डीओएल स्टार्टरवर सुरुवातीला तेवढा करंट येतोच, पण तो क्षणात उतरायला हवा. पुन्हा पुन्हा बटण दाबून सुटतोय का बघणं बंद करा.

आकडे वेगवेगळे आले तर

खरी अडचण इथे होते, म्हणून उदाहरण घेऊन सांगतो. साडेसात एचपी, पाटीवर १३ अँपिअर. लाइनला मोजलं तर आर १२.१, वाय ११.६, बी १५.०. पेटीवरचा अँपिअर मीटर आर फेजवर आहे, तो १२ दाखवतोय, सगळं आलबेल. पण बी फेज पाटीच्या दोन अँपिअर वर आहे आणि रिले त्याच्यामुळे पडतोय.

सरासरी काढा: १२.९. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा १५.०, फरक २.१. त्याला १२.९ ने भागा, १६ टक्के. पूर्ण लोडवर हा फरक ५ टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, १० च्या पुढे गेला तर मोटार चालवू नका.

आता हा दोष वरून, सप्लायमधून येतोय की खालून, केबल-मोटारीतून? भांडणही इथेच होतं. पंपवाला म्हणतो लाइन खराब, लाइनवाला म्हणतो मोटार खराब. निकाल लावायची एक जुनी, पक्की रीत आहे. मेन स्विच पाडून, सप्लाय गेल्याची खात्री करून, स्टार्टरला येणाऱ्या तिन्ही वायरी वायरमनकडून एकेक घर पुढे सरकवून घ्या. आधी आर, वाय, बी अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या टर्मिनलवर होत्या. आता बी पहिल्यावर, आर दुसऱ्यावर, वाय तिसऱ्यावर. तिन्ही एकाच दिशेने सरकवल्यामुळे मोटारीची फिरण्याची दिशा बदलत नाही. दोनच वायरींची अदलाबदल केली तर मोटार उलटी फिरेल, ते करू नका.

पुन्हा मोजा. जास्तीचा करंट अजूनही बी वायरीतच असेल, ती आता पहिल्या टर्मिनलवर असूनही, तर दोष सप्लायचा. जास्तीचा करंट तिसऱ्या टर्मिनलवरच राहिला, म्हणजे आता वाय वायरीत दिसू लागला, तर दोष त्या टर्मिनलच्या पुढे: काँटॅक्टर, केबल, जोड किंवा वाइंडिंग. आणखी एक घर सरकवून तिसऱ्यांदा मोजलं तर शंका राहत नाही. शेवटी वायरी होत्या तशा करून ठेवा.

सप्लायचा दोष निघाला तर व्होल्टेजचे आकडे तेच सांगतील. वरच्या उदाहरणात समजा ४०५, ३९२ आणि ४०३ आले. सरासरी ४००, फरक ८ व्होल्ट, म्हणजे फक्त २ टक्के. ‘आठ व्होल्टने काय होतंय’ असं वाटतं. पण व्होल्टेजमधल्या १ टक्का फरकामागे करंटमध्ये साधारण ६ ते १० टक्के फरक पडतो. त्या आठ व्होल्टनीच १६ टक्के केले.

मात्र महावितरणला फोन करण्याआधी स्वतःचा मेन स्विच आणि किटकॅट फ्यूज तपासून घ्या. हे वायरमनकडून करून घ्यायचं: मोटार चालू असताना, एकाच फेजच्या संपर्काच्या वर आणि खाली प्रोब लावून व्होल्टेज मोजायचं. संपर्क घट्ट आणि स्वच्छ असेल तर जवळपास शून्य येतं. एका फेजला एखादा व्होल्ट किंवा जास्त आला तर तो संपर्क जळालाय, लग ढिला आहे किंवा फ्यूजची पकड गेली आहे. काँटॅक्टरच्या तिन्ही संपर्कांवर हेच करायचं. सुरुवातीला ठीक आणि तासाभराने आकडे बिघडतात अशा पेटीत दोष बहुतेक इथेच निघतो, कारण ढिला जोड तापत जातो आणि तापला की आणखी ढिला होतो.

करंट बरोबर, तरी रिले पडतो

तिन्ही आकडे पाटीच्या आत, एकमेकांशी जुळणारे, सेटिंगही योग्य, आणि तरी पडतो. मग रिलेकडे वळा. त्याच्या आत तापून वाकणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांना करंटची उष्णता आणि बाहेरची उष्णता यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याची पेटी दुपारच्या उन्हात असेल, किंवा रिलेच्याच टर्मिनलचा स्क्रू ढिला होऊन तापत असेल, तर तो कमी करंटलाही पडतो. दुपारीच पडतो, रात्री नाही, असं असेल तर पेटीला सावली करा, पाणी आत जाणार नाही अशा भोकांतून हवा खेळू द्या, सप्लाय बंद करून सगळे स्क्रू आवळा. तरीही फरक नाही पडला तर रिले बदला. मोटारीच्या मानाने तो फार स्वस्त आहे.

ईएलसीबी पडत असेल तर

ईएलसीबी म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच. तो पडणं हा वेगळा दोष. तिथे करंट जास्त नसतो, करंट जमिनीत गळत असतो. मघाशी तिन्ही कोर एकत्र धरायचे नाहीत म्हणालो, इथे मात्र मुद्दाम एकत्र धरायचे. गळती नसेल तर शून्य, असेल तर गळतीचा आकडा. स्टार-डेल्टा असेल तर सहाही कोर एकदम जबड्यात हवेत. पण साधा क्लॅम्प मीटर अँपिअरच्या दहाव्या-शंभराव्या भागाखाली वाचत नाही, आणि माणसाच्या जिवासाठी लावलेला आरसीसीबी (ईएलसीबीचाच नवा प्रकार) ३० मिलिअँपिअरला पडतो. म्हणून मिलिअँपिअर दाखवणारा लीकेज क्लॅम्प मीटर लागतो. गळती सापडली की मोटार सुटी करून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासायचं. विहिरीत बुडालेला केबलचा जोड हा पहिला संशयित. ईएलसीबी बायपास करून पाणी भरणं कोणत्याही परिस्थितीत नको. ओल्या शेतात, लोखंडी पाइपला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा जीव त्यावर असतो.

डीपीच्या पलीकडे

दोष सप्लायचा निघाला, स्वतःचा मेन स्विच आणि फ्यूज ठीक निघाले, तर पुढचं काम महावितरणचं. खांबावर चढणं, डीपीतला, म्हणजे रोहित्राजवळचा, फ्यूज स्वतः घालणं, काठीने जंपर हलवणं, यातलं काहीही करायचं नाही, शेजाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी. १९१२ वर तक्रार नोंदवा आणि गावच्या लाइनमनलाही कळवा.

तक्रार करताना ‘लाइट बरोबर येत नाही’ एवढंच सांगितलं तर काम पुढे सरकत नाही. आकडे सांगा: कोणत्या डीपीवर, किती वाजता, तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज किती, मोटार बंद असताना किती आणि चालू असताना किती, वायरी सरकवल्यावर जास्तीचा करंट कोणत्या फेजला राहिला. त्याच डीपीवरच्या आणखी दोघा-तिघांना त्याच वेळी आपापल्या पेटीत व्होल्टेज मोजून घ्यायला सांगा. सगळ्यांकडे एकच फेज खाली असेल तर रोहित्रावरचा लोड तिन्ही फेजमध्ये नीट वाटलेला नाही किंवा तिथला जोड सैल आहे. फक्त तुमच्याकडेच खाली असेल तर तुमच्या सर्व्हिस वायरीचा खांबावरचा जोड बघायला सांगा.

आणि पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. मोटार नवी किंवा नुकतीच दुरुस्त होऊन उतरवली, त्या दिवशीचे तीन अँपिअर, तीन व्होल्टेज, रिलेचं सेटिंग, रिले लाइनमध्ये आहे की मोटारीच्या वायरींत, आणि त्या वेळी पाणी कुठे सोडलं होतं. त्याखाली दर छाटणीच्या आधी एक ओळ वाढवत जा. पुढच्या वेळी स्टार्टर पडला की येणारा वायरमन, मग तो कुणीही असो, नवे आकडे त्या ओळींशेजारी ठेवून लगेच कामाला लागेल.